चहाची खाकी पिशवी

“पाकीट की वाटणी? काय ते एकदाचं ठरवा जोगदंड सर, घंटा होईल आता,” काटमोरे सर म्हणाले आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत माझ्या फोनमध्ये डोकावले.

मधली सुट्टी होती. उंबरसांगवीच्या आमच्या माध्यमिक शाळेची शिक्षकखोली म्हणजे एक लांबलचक टेबल, बारा खुर्च्या (त्यातल्या दोन मोडक्या) आणि नकाशे ठेवायचं एक जुनं लोखंडी कपाट. मी टेबलाच्या टोकाला उभा होतो आणि प्रमेय शिकवावं तशा उत्साहानं चहाचे पैसे कसे द्यायचे हे सगळ्यांना शिकवत होतो. आज आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि मग येत नाही.

प्रकरण असं होतं. आमचा चहा एसटी थांब्यावरच्या हॉटेलातून यायचा. सकाळी एकदा आणि मधल्या सुट्टीत एकदा. आमचे शिपाई दगडूमामा किटली घेऊन यायचे. कपाटाच्या दाराला आतून एक खिळा होता, आणि त्या खिळ्याला खाकी कापडाची, नाडी ओवलेली एक पिशवी. चहा पिऊन झाला की एकेकानं उठायचं, कपाटाचं दार उघडायचं, पिशवीत हात घालायचा, दार लावायचं आणि तासाला जायचं. महिनाअखेरीला मामा ती पिशवी हॉटेलात नेऊन रिकामी करायचे. कमी पडलं तर हिंदीच्या बारबोले बाई बघून घ्यायच्या, जास्त झालं तर भजी यायची. कुणी किती टाकले याची नोंद म्हणून कुठेही नव्हती. मी गणिताचा माणूस. दोन वर्षं ती पिशवी माझ्या डोळ्यांत खुपत होती.

दिवाळीच्या आधी हॉटेलवाल्यानं गल्ल्यावर स्कॅनर लावला आणि मामांना सांगितलं, आता चिल्लर नको, पैसे फोनवरून द्या. हेडसरांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. मी दोन रात्री फोनशी झटून दोन अ‍ॅप निवडली होती.

“हे पाहा,” मी म्हणालो, “पहिलं आहे पाकीट. प्रत्येकानं एक तारखेला तीनशे छत्तीस रुपये यात टाकायचे. सात रुपये कप, दिवसाला दोन, चोवीस दिवस. यातून हॉटेलला एकदम पैसे जातील. दुसरं आहे वाटणीचं. यात आधी काही भरायचं नाही. कोण किती कप प्यालं ते मी लिहीत जाईन, महिनाअखेरीला ज्याचा त्याचा आकडा ज्याच्या त्याच्या फोनवर येईल.”

“पाकीट नको,” काटमोरे सर म्हणाले. “मला साखरेचा त्रास. मी आठवड्यात चारदा पितो. मी तीनशे छत्तीस का म्हणून भरू?”

“मग वाटणी.”

“वाटणी नको,” बारबोले बाई म्हणाल्या. वह्या तपासता तपासता म्हणाल्या, मान वर न करता.

“का बाई?”

“नको म्हणजे नको.”

“बरं, मग पाकीटच घेऊ.”

“पाकीट एक वेळ चालेल,” बाई म्हणाल्या. “पण त्यात नावं दिसायला नकोत.”

“बाई, फोनवरून पैसे आले की नाव येणारच. नावाशिवाय कसं कळणार कुणी भरले?”

“ते कळायला कशाला हवं?”

मी बघतच राहिलो. तीस वर्षं नोकरी झालेली बाई, परीक्षेचे अर्ध्या अर्ध्या गुणांचे हिशेब चोख ठेवणारी, आणि पैसे कुणी भरले हे कळायला कशाला हवं म्हणते! दारात किटली घेऊन उभे असलेले दगडूमामा तेवढ्यात म्हणाले, “पिशवी काय वाईट हाय सर? नाडी जुनी झाली म्हनत असाल तर नवी घालतो की.”

सगळे हसले. खिडकीपाशी बसलेले उकरंडे सरही हसले.

आता उकरंडे सरांबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांचीच आहे. भागवत उकरंडे भूगोल शिकवायचे. नकाशा न बघता फळ्यावर महाराष्ट्र काढायचे, तोही कोकणपट्टीच्या खाचाखोचांसकट. ते होते विनाअनुदानित तुकडीवर. म्हणजे तुकडीला सरकारी अनुदान नाही, आणि म्हणून सरांना पगार नाही. कमी पगार होता असं नव्हे, पगारच नव्हता. नऊ वर्षं. संध्याकाळी ते बार्शीच्या एका आडत दुकानात वह्या लिहायचे, घरी वहिनी ब्लाउज शिवायच्या, आणि दरवर्षी कुणीतरी बातमी आणायचं की यंदा वीस टक्के अनुदान नक्की. त्या वर्षी ती बातमी जरा जास्त खरी वाटत होती. पण त्याच वर्षी सरांच्या मेहुण्यानं चाकणला एका गोदामात त्यांच्यासाठी चौदा हजारांची जागा बघितली होती. दिवाळीनंतर हो की नाही ते कळवायचं होतं. गेले असते तर नऊ वर्षांची सेवा पाण्यात. तुकडी दुसऱ्याच्या नावावर, आणि वीस टक्के आले तरी ते दुसऱ्याला.

मला ते जायला नको होते. मी रुजू झालो तेव्हा पगाराच्या यादीत माझं नाव चढायला आठ महिने लागले होते. त्या आठ महिन्यांत कितीतरी वेळा मी त्यांच्या घरी जेवलो होतो. गावात माझं दुसरं कुणी नव्हतं.

शाळा सुटल्यावर सायकल हातात धरून ते माझ्याबरोबर चालत यायचे. त्या दिवशी मी त्यांना विचारलं, “सर, तुम्हाला काय वाटतं? पाकीट की वाटणी?”

“तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

“पण तुमचं मत?”

“माझं कशाला मत? मी एकच कप पितो.”

ते खरं होतं. मधल्या सुट्टीतला चहा ते कधी घ्यायचे नाहीत. ‘पित्त होतं’ म्हणायचे. आणि तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. पाकिटात त्यांना तीनशे छत्तीस भरावे लागतील. वाटणीत मात्र एक कप, चोवीस दिवस, फक्त एकशे अडुसष्ट! आपल्या मित्राचा निम्मा खर्च वाचतोय हे मला त्या रात्री इतकं स्पष्ट दिसलं की बाईंचा विरोध मला निव्वळ हट्ट वाटला. मी वाटणीचं अ‍ॅप पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर ते स्वतःच्या हातानं बसवून दिलं. उकरंडे सरांच्या काचेला तडा गेलेल्या फोनवरही.

पिशवी मी खिळ्यावरून काढली आणि नकाशांच्या खाली ठेवून दिली. बाईंनी ते बघितलं. आणि पुढची वही उघडली.

महिनाभर मी कपांच्या खुणा करत होतो. महिना संपला, आकडे आले, आणि शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर मी उकरंडे सरांना म्हणालो, “बघा सर, तुमचे निम्मेच!”

“वा,” सर म्हणाले.

अ‍ॅपमध्ये ज्याचे पैसे यायचे बाकी असायचे त्याचं नाव लाल अक्षरात दिसायचं आणि पैसे आले की हिरवं व्हायचं. तीन तारखेपर्यंत सगळी नावं हिरवी झाली. एकच लाल राहिलं. मला वाटलं त्यांच्या घराकडे रेंज नाही, नाहीतर त्यांना बटण सापडलं नसेल. आठवण पाठवायचं एक बटण होतं. ते मी दाबलं. चार तारखेला पुन्हा दाबलं, पाच तारखेला पुन्हा. ती आठवण एकट्या सरांना जात नाही, सगळ्या गटाला जाते, हे मला ठाऊक होतं. त्यात वावगं काय आहे, हे मात्र डोक्यात आलं नाही.

सहा तारखेला सकाळी उकरंडे सर आले आणि त्यांनी टेबलावर पैसे ठेवले. एक शंभराची नोट, बाकी दहा-दहाच्या नोटा आणि नाणी.

“मोजून घ्या सर.”

“अहो, फोनवरून...”

“मोजून घ्या.”

मी मोजले. एकशे अडुसष्ट होते. मी माझ्या फोनवरून त्यांचं नाव हिरवं केलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि खडू घेऊन वर्गावर गेले.

त्यानंतर ते चहाला आले नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं तास लांबला असेल. दुसऱ्या दिवशी ते ग्रंथालयात होते. तिसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला लिंबाखाली एकटेच उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, “चहाच सोडला.” माझ्याबरोबर चालत घरी येणंही बंद झालं, सायकलवर टांग टाकून पुढे निघून जायचे. मी जंग जंग पछाडलं. वहिनींशी काही झालं का? आडत्यानं काढून टाकलं का? मी काही बोललो का? बोललो असेन तर काय? मला काहीच सुचेना. काटमोरे सरांना विचारलं तर ते बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाले, “मला काय माहीत बुवा,” आणि इतका गडगडाटी बोलणारा माणूस एवढं हळू बोलला याचाही मला अर्थ लागेना.

शनिवारी हेडसरांनी मला बोलावलं. टेबलावर उकरंडे सरांच्या वळणदार अक्षरातला कागद होता. राजीनामा.

“सोमवारी दुपारी संस्थेकडे पाठवावा लागेल,” हेडसर म्हणाले. “तुमचे मित्र ना? काही बोलले का?”

“नाही सर,” मी म्हणालो.

शिक्षकखोलीत आलो तेव्हा बारबोले बाई एकट्याच होत्या. मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, “बाई, उकरंडे सर चालले. चाकणला. मला काही कळत नाही.”

“खरंच कळत नाही?” बाईंनी विचारलं. आवाजात राग होता, पण माझा चेहरा बघून तो निवळला असावा. त्या उठल्या, कपाट उघडलं, नकाशांच्या खालून पिशवी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

“ही कशाला शिवली असेल मी?”

“पैसे ठेवायला.”

“पैसे ठेवायला डबा पुरला असता. पत्र्याचा डबा होताच की आधी. त्यात नाणं टाकलं की वाजायचं, आणि नाही टाकलं की नाही वाजायचं. सगळ्यांना कळायचं. म्हणून मी कापडाची शिवली. म्हणून ती दाराच्या आड लावली. दार उघडलं की माणूस कोपरापर्यंत झाकला जातो. नऊ वर्षं उकरंडे या पिशवीत हात घालतायत. भरलेला घालतात की रिकामा, ते मी बघितलेलं नाही. महिनाअखेरीला रिकामा घातलेला हात भरून बाहेर येतो की काय, तेही बघितलेलं नाही. आमच्यातल्या कुणीच नाही. कळतंय?”

मी पिशवी जवळ ओढली.

“आणि तुम्ही काय केलंत? त्यांचं नाव लाल केलंत.”

“बाई, मी त्यांचा फायदा बघत होतो. निम्मेच...”

“पूज्याच्या निम्मे किती होतात, गणिताचे शिक्षक?”

मी मान खाली घातली. बाई वह्या गोळा करायला लागल्या, आणि जाता जाता दारात थांबल्या.

“एक विचारू का? तुम्ही रुजू झालात तेव्हा आठ महिने पगार नव्हता तुम्हाला. तेव्हा हे अ‍ॅप असतं तर?”

हे मी आत्तापर्यंत सांगितलं नाही, कारण ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आठ महिने मीही रोज त्या कपाटाचं दार उघडत होतो. मूठ आवळून पिशवीत घालत होतो, आणि तशीच बाहेर काढत होतो. मुठीत काही नसायचं. एकदा गाडीत पेट्रोल नव्हतं म्हणून वीस रुपये काढलेही होते. पहिला पगार झाला त्या दिवशी मी पिशवीत पाचशेची नोट टाकली आणि मनातल्या मनात तो विषय मिटवला. कुणाला काही कळलं नाही अशी माझी खात्री होती. ती पिशवी माझ्या डोळ्यांत का खुपायची, ते मला त्या शनिवारी कळलं. लाजेनं अंगाची नुसती लाही लाही झाली.

रविवारी सकाळी उकरंडे सरांच्या घरी गेलो. दारात एक पत्र्याची ट्रंक उघडी पडली होती आणि सर तिच्यात कपडे रचत होते. वहिनी शिलाई मशीनवरून उठल्या, “या भाऊजी,” म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. त्यांच्या आवाजात फरक नव्हता, आणि त्यानंच मला जास्त लागलं.

“सर, माझं चुकलं,” मी म्हणालो.

“तुमचं काय चुकलं? हिशेब बरोबरच होता.”

“मग का चाललात?”

सरांनी एक सदरा नीट घडी घालून ट्रंकेत ठेवला. “एकशे अडुसष्ट रुपये काही डोंगराएवढे नव्हते. आडत्याकडून उचल घेतली, दिले. पण तुमची ती आठवण आली ना, तेव्हा फोन आमच्या मुक्ताच्या हातात होता. पाचवीत आहे, सगळं वाचता येतं. म्हणाली, ‘बाबा, तुम्ही चहाचे पैसे देत नाही का?’” ते थांबले. “पहिलीपासून पोरगी वर्गात सांगते, माझे बाबा हायस्कूलला सर आहेत. तिला मी काय सांगू? चाकणला निदान पगार आहे.”

मला रडू आवरेना. मी ट्रंकेकडे बघत म्हणालो, “सर, मी रुजू झालो तेव्हा... पिशवीत मी...”

“माहितीये.”

“काय माहितीये?”

“तुमची मूठ.” त्या आठवड्यात पहिल्यांदाच ते हसले. “फार आवळायचात हो तुम्ही. मुठीत पैसे असलेला माणूस एवढी आवळत नाही. आणि आत दुसऱ्यांची नाणी असतातच की, ती जरा ढवळायची. बाहेर आवाज येतो. तुम्ही आठ महिन्यांत एकदाही ढवळली नाहीत.”

“कापडातून आवाज येतो?”

“कान दिला तर येतो. तुमचा यायचाच नाही, म्हणून कळलं.”

“म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं?”

“मी कुणाला सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नाही.”

“मी एकदा वीस रुपये काढले होते,” मी म्हणालो.

“मी शंभर काढलेत. मुक्ताला ताप होता तेव्हा.”

वहिनी चहा घेऊन आल्या. आम्ही दोघं खाली बघत चहा प्यालो. मग मी म्हणालो, “अ‍ॅप काढून टाकलंय मी.”

“त्यानं काय होणार? सगळ्यांनी बघितलं.”

“सगळ्यांनी आधीच बघितलं होतं सर. नऊ वर्षं. तरी रोज तुमच्यासाठी किटलीत एक कप जास्त येत होता.”

सरांचा कप हातातच राहिला. मी उठलो. हेडसर कागद सोमवारी दुपारी पाठवणार आहेत आणि पिशवी पुन्हा खिळ्याला लावली आहे, एवढंच सांगून निघालो. मागून हाक येईल असं वाटत होतं. आली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. हॉटेलवाल्याच्या स्कॅनरवर महिन्याचे पैसे मी माझ्या फोनवरून देतो आणि महिनाअखेरीला मामा ती खाकी पिशवी माझ्या पिशवीत उलटी करतात. मी ते मोजत नाही. दोन वर्षांनी वीस टक्के आले, मग चाळीस. बारबोले बाई निवृत्त झाल्या. दगडूमामांनी नाडी दोनदा बदलली. पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो सोमवारच.

सकाळची प्रार्थना झाली तेव्हा उकरंडे सर रांगेत नव्हते. पहिला तास झाला. भूगोलाच्या वर्गावर काटमोरे सर मुलांना गप्प बसवत होते. मामा किटली घेऊन आले, कप भरले. बाई चहा प्यायल्या, उठल्या, कपाटाकडे गेल्या, दार उघडलं, लावलं. मग काटमोरे सर आले, गेले. टेबलावर एक भरलेला कप तसाच होता, त्यावर साय धरत होती. मामा तो उचलायला वाकले तशा बाई म्हणाल्या, “राहू द्या.”

दारात सायकल लागल्याचा आवाज झाला.

उकरंडे सर आत आले. घामाघूम झाले होते. कुणाकडे न बघता ते खुर्चीत बसले, साय बोटानं बाजूला केली आणि तो गार चहा एका दमात प्यायले. कुणी काही विचारलं नाही. बाई वह्या तपासत होत्या. काटमोरे सर मोठमोठ्यानं क्रिकेटबद्दल बोलायला लागले. मामा हेडसरांच्या खोलीकडे जवळजवळ पळतच गेले.

मग सर उठले आणि कपाटाकडे गेले. मी चटकन मान वळवली आणि खिडकीतून बाहेर मैदानाकडे बघायला लागलो. मागे दार करकरलं, आणि पिशवीत नाणी वाजली.

ती टाकली म्हणून वाजली, की काढली म्हणून, की नुसती ढवळली म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. आजतागायत मी विचारलेलं नाही.